कायदा आणि गावची वेस
(शताब्दी महोत्सवाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



शताब्दीच्या या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास यांवरची रसाळ भाषणे ऐकण्याची आपणांस सवय झाली आहे. आज त्यांत एका रुक्ष विषयाची भर पडत आहे, याबद्दल प्रथम आपली क्षमा मागतो. ‘विधिमंडळ आणि आपली खेडी’ हा विषय कार्यकारी मंडळाने सुचविला, आणि आयुष्यातील बराच काळ जमिनीचे व महसुली कज्जे चालविण्यात घालविलेल्या माझ्यासारख्या वकिलाला तो सोपविला, यात मंडळाचा काही हिशोब असावा. कायदे कोणते झाले याची जंत्री मी येथे वाचणार नाही. ती कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात सापडते. झालेला कायदा आपल्या भागातील गावच्या वेशीच्या आत केव्हा आला, कोणी आणला, आणि आला नाही तेव्हा काय झाले, एवढेच सांगावे असा विचार आहे.

आमदाराच्या कामाचे दोन भाग असतात. गावचे गाऱ्हाणे राजधानीत नेणे हा पहिला. राजधानीत जे ठरले ते गावाला त्याच्या भाषेत समजावून देणे हा दुसरा. पहिल्या भागाचा गाजावाजा पुष्कळ होतो. सभागृहातील भाषणाचे वृत्त दुसऱ्या दिवशी छापूनही येते. दुसरा भाग चावडीवर, देवळाच्या कट्ट्यावर, एखाद्या वाचनालयाच्या सभागृहात निमूटपणे करावयाचा असतो. त्याचे वृत्त येत नाही. तथापि शेतकऱ्याची जमीन राहिली की गेली, हे आमच्या भागात पुष्कळदा या दुसऱ्या भागावरच ठरलेले आहे.

आपल्या शहापुराचेच पाहा. बेळगाव इंग्रजी अमलाखाली असताना, त्याला लागूनच असलेले हे शहापूर सांगलीच्या पटवर्धन संस्थानात होते. पेठेतून चालता चालता माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे आणि कायदाही बदलत असे. १९४८ च्या मार्चमध्ये सांगली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा शहापूरच्या शिवाराला मुंबईचा कायदा लागू झाला. आठ वर्षे आणि काही महिने लोटले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेने हा सारा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. म्हणजे ज्या शेतकऱ्याने आपल्या बांधाच्या बाहेर पाऊलही टाकले नाही, त्याच्यावर दहा वर्षांच्या आत सांगली, मुंबई आणि बंगळूर अशा तीन ठिकाणांहून कायदे आले.

या स्थित्यंतराचा सर्वांत कठीण घाव कुळांवर बसला. ही हकीकत थोडी तपशिलाने सांगतो, कारण ती आज फारशी कोणाला माहीत नाही.

मुंबईचा कूळकायदा १९४८ चा. त्यात १९५६ साली मोठी दुरुस्ती झाली, आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत असेल तो कायद्याच्या दृष्टीने त्या जमिनीचा खरेदीदार मानला जावा, अशी ही तरतूद होती. त्याने अर्ज करावयाचा नव्हता, मालकाची मनधरणी करावयाची नव्हती. किंमत नंतर न्यायाधिकरण ठरविणार. कायम कुळाला खंडाच्या सहापट आणि इतरांना आकाराच्या वीस ते दोनशे पट, तीही हप्त्यांनी. मालक विधवा, अज्ञान किंवा सैन्यात असेल तर खरेदी लांबणीवर पडे, हप्ते थकले तर ती रद्दही होई. या अटी होत्याच. तरीही ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा कायद्याच्या कलमात उतरण्याचा तो दिवस होता.

आता चंदगड तालुका डोळ्यांसमोर आणा. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत तो बेळगाव जिल्ह्यातच होता. पुनर्रचनेत तेवढा एक तालुका वगळून उरलेला जिल्हा म्हैसूरला देण्यात आला आणि चंदगड कोल्हापूरला जोडला गेला. वेंगुर्ल्याच्या रस्त्याने आपण निघालो की उचगावचा फाटा मागे पडतो, बाची लागते, आणि लगेच शिनोळी. बाची बेळगाव तालुक्यात, शिनोळी चंदगडात. दोन्हीकडे तेच भात, तेच आडनाव, बहुधा तीच सोयरीक. १ एप्रिल १९५७ ची सकाळ उजाडली तेव्हा शिनोळीकडचे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार झाले. बाचीकडचे कूळ मात्र कूळच राहिले. कारण म्हैसूरच्या विधिमंडळाने १९५७ सालीच स्वतंत्र कायदा करून मुंबईच्या कूळकायद्यातील खरेदीच्या तरतुदी आपल्या हद्दीपुरत्या स्थगित केल्या होत्या.

न्यायाने बोलावयाचे तर या स्थगितीमागे कारण नव्हते असे नाही. नव्या म्हैसूर राज्यात पाच निरनिराळ्या राजवटींचे तुकडे एकत्र आले होते आणि प्रत्येकाचा कूळकायदा वेगळा होता. सर्वांना मिळून एक कायदा असावा म्हणून श्री. बी. डी. जत्ती यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. जत्ती हे जमखंडीचे, म्हणजे आपल्याच मुलखाचे जाणकार गृहस्थ. समितीचा अहवाल आला, १९६१ साली कायदा संमत झाला, आणि तो अमलात यावयास २ ऑक्टोबर १९६५ उजाडला. पण या आठ-साडेआठ वर्षांत गावोगाव काय चालले होते? जमीन आज ना उद्या कुळाकडे जाणार हे मालकाला कळून चुकले होते. तो वर्तमानपत्र वाचत होता, त्याचा वकील बेळगावात होता. कुळाला यांतले काहीच कळले नव्हते. ‘राजीखुशीने जमीन सोडली’ अशा कागदांवर अंगठे उठू लागले ते याच काळात. ‘राजीखुशी’ हा शब्द महसुली दप्तरात ज्या सढळपणे वापरला गेला आहे, तेवढा तो लग्नपत्रिकेतही आढळणार नाही.

पुढे १९७४ साली श्री. देवराज अर्स यांच्या सरकारने कायद्यात क्रांतिकारक म्हणावी अशी दुरुस्ती केली. १ मार्च १९७४ पासून कुळांकडील सर्व जमिनी राज्य सरकारात निहित झाल्या आणि कुळाने भोगवटादार म्हणून नोंद मिळविण्यासाठी अर्ज करावा असे ठरले. हा अर्ज म्हणजे सात नंबरचा फॉर्म. आमच्याकडील जुन्या माणसांना ‘सात नंबर’ एवढे म्हटले तरी पुरते. शिनोळी आणि बाची यांतले अंतर येथेही राहिलेच. पलीकडे कायदा आपोआप कुळाकडे चालत गेला होता. अलीकडे कुळाने कायद्याकडे चालत जावयाचे होते, आणि तेही मुदतीत. मुदत अनेकदा वाढली, पण ३० जून १९७९ नंतर दार बंद झाले.

हे अर्ज ऐकण्यासाठी तालुक्या-तालुक्यात भू-न्यायाधिकरणे नेमली गेली. प्रांताधिकारी अध्यक्ष आणि सरकारने नेमलेले चार सदस्य, त्यांत किमान एक अनुसूचित जाती-जमातींचा. वकिलांनी न्यायाधिकरणापुढे उभे राहू नये, असे मूळ तरतुदीत होते. आमच्या व्यवसायाचा त्यात तोटा झाला हे खरे, पण तो नियम गरिबाच्या हिताचा होता, असे माझे प्रामाणिक मत आहे. सरकारने नेमलेल्या सदस्यांत पुष्कळ ठिकाणी स्थानिक आमदार असे. म्हणजे ज्याने विधानसभेत कायदा करावयाचा, त्यानेच तालुक्यात बसून तो लागू करावयाचा. आमदाराच्या कामाचे जे दोन भाग मी आरंभी सांगितले, ते या एका कायद्याने एकाच खुर्चीत आणून बसविले. जेथे आमदार वा पुढारी जागा होता, तेथे गावोगाव फॉर्म भरून घेतले गेले. जेथे नव्हता, तेथे ‘मालक आपलाच आहे, अर्ज कशाला?’ असे म्हणत कुळे घरी बसली. ती किती होती याचा पुरावा विधिमंडळानेच दिला आहे. १९९८ साली ७७-अ हे नवे कलम घालून, सात नंबरचा फॉर्म मुदतीत न भरलेल्या लहान कुळांना ‘सात-अ’ फॉर्मची मर्यादित संधी पुन्हा द्यावी लागली. राज्यात सारे आलबेल असते तर वीस वर्षांनंतर हे दार किलकिले करण्याचे कारण काय होते?

येथे थोडे मागे जातो आणि निपाणीकडे वळतो. कारण कायदा लोकांना कसा सांगावा याचा उत्तम पाठ आपल्या जिल्ह्याने त्याही आधी पाहिलेला आहे.

१९२५ च्या एप्रिलमध्ये निपाणी येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत मुंबई इलाख्यातील बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली होती. पुढे १९२७ मध्ये ते मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सभासद झाले, आणि मार्च १९२८ मध्ये त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १८७४ चा तो वतन कायदा आपल्या जिल्ह्यालाही लागू होता. महाराने रात्रंदिवस सरकारची आणि गावाची चाकरी करावी, आणि मोबदला म्हणून वतनाचा तुकडा व बलुते मिळावे, ही ती व्यवस्था. ज्याला या चाकरीतून सुटावयाचे असेल त्याला पूर्ण आकार भरून जमीन स्वतःकडे ठेवता यावी, असा विधेयकाचा आशय होता. ते निवड समितीकडे गेले, तेथे त्याचे रूप पालटले, आणि जुलै १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतले.

विधेयक हरले असे आपण म्हणू. पण मला त्यातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. सभागृहात ते इंग्रजीत बोलत, आणि त्याच प्रश्नावर ‘बहिष्कृत भारत’ पत्रात ‘महार आणि त्यांचे वतन’ या विषयी मराठीत विस्ताराने लिहीत. ज्याच्यासाठी कायदा करावयाचा त्याला तो आधी कळला पाहिजे, वतन सोडण्यात तोटा काय आणि लाभ काय हे त्याने स्वतः तोलले पाहिजे, हा त्यामागचा आग्रह. १९३७ च्या निवडणुकीत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे श्री. बळवंतराव वराळे बेळगाव जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर गेले, ही परंपराही आपण विसरता कामा नये.

वतने शेवटी नष्ट झाली ती म्हैसूर राज्याच्या १९६१ च्या कायद्याने. तो अमलात आला १ फेब्रुवारी १९६३ पासून. पाटीलकी, महारकी एका झटक्यात गेली, आणि वतनी जमिनी धारकांना पुन्हा बहाल होण्याची तरतूद झाली. आमच्याकडे तिला अजूनही ‘रिग्रँट’ म्हणतात. येथेही तीच कथा. ज्याला रिग्रँट म्हणजे काय हे ठाऊक होते त्याने कागद करून घेतला. ज्याला नव्हते त्याने गरजेपोटी जमीन कोणाला तरी लिहून दिली. १९७८ साली अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींच्या हस्तांतराला बंदी करणारा कायदा झाला, तो ही गळती रोखण्यासाठीच. आजही न्यायालयांत या कायद्याखालचे दावे चालतात.

आता आपल्या सीमाभागातील आमदारांविषयी. हा नाजूक विषय आहे, आणि या व्यासपीठावर तो राजकारणासाठी काढणे उचित नव्हे. पण तो टाळून पुढे जाणेही अप्रामाणिकपणाचे होईल. ‘आम्हांला या राज्यात राहावयाचे नाही’ हे सांगण्यासाठी ज्याला लोकांनी निवडून दिले, त्यालाच त्या राज्याच्या विधानसभेत बसून पाटबंधारे, कूळकायदा, पंचायती आणि शाळा यांवरच्या विधेयकांवर मत द्यावयाचे होते. हा पेच महाराष्ट्र एकीकरण समितीच्या प्रत्येक आमदाराने सोसला. काहींनी तो पेलून खेड्यांची कामे केली, काहींच्या कारकिर्दीत सीमाप्रश्नाच्या ओझ्याखाली बाकीचे सारे दबले. दोष कोणाला द्यावयाचा? २०१३ साली बेळगाव दक्षिण आणि खानापूर येथून समितीचे दोन आमदार निवडून आले होते. २०१८ मध्ये एकही नाही, २०२३ मध्येही नाही. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर शेतकऱ्याच्या हातात येणारी नोटीस मात्र थांबत नाही.

आणि ती येते कन्नडमध्ये. कन्नडचा दुस्वास येथे कोणी करू नये. ती आपल्या शेजाऱ्यांची समृद्ध भाषा आहे, आणि आपल्या मुलांनी ती शिकावीच. प्रश्न साठीच्या पुढच्या शेतकऱ्याचा आहे. संस्थानी आणि मुंबईच्या काळात त्याच्या बापाने उतारा मराठीत वाचला होता. राज्यात २००० सालानंतर ‘भूमी’ योजनेखाली सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर चढविण्यात आले, आणि हाताने लिहिलेला उतारा बंद झाला. पंधरा रुपयांत, तलाठ्याची मनधरणी न करता उतारा मिळू लागला, ही मोठी सुधारणा मी मोकळ्या मनाने मान्य करतो. परंतु मराठी शेतकऱ्याच्या हाती आलेला तो स्वच्छ छापील कागद त्याला वाचता येत नाही. आपले नाव बरोबर उतरले का, बोज्याच्या रकान्यात भलतेच काही चढले का, कसणाऱ्याच्या रकान्यात कोणाचे नाव आहे, हे तो दुसऱ्याला विचारतो. ज्याला विचारतो तो कधी पुतण्या असतो, कधी दलाल.

दलाल हा शब्द आला आहे तर २०२० ची दुरुस्ती सांगितलीच पाहिजे. त्या वर्षी आधी वटहुकूम आणि मग विधेयक आणून भूसुधारणा कायद्यातील ७९-अ, ७९-ब आणि ७९-क ही कलमे काढून टाकण्यात आली. ७९-ब ने शेतकरी नसलेल्यास शेतजमीन धारण करण्यास मनाई होती, आणि ७९-अ ने बिगरशेती उत्पन्न ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असलेल्यास जमीन घेता येत नव्हती. ही कलमे भ्रष्टाचाराचे कुरण झाली होती, शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल, असे समर्थन झाले. लहान शेतकरी जमिनीवरून उठेल, असा विरोध झाला. माझा कल विरोधाकडे आहे. तो बाजूला ठेवतो. मला विचारावयाचे आहे ते इतकेच, की आपल्या तालुक्यातील किती ग्रामसभांत हा बदल वाचून दाखविला गेला? पंचायत राज कायद्याप्रमाणे सहा महिन्यांतून एकदा तरी ग्रामसभा भरलीच पाहिजे. घरकुलांची यादी तेथे वाचली जाते, आणि ती वाचलीच पाहिजे. पण शेतजमीन आता कोणीही विकत घेऊ शकतो, हे कोणी सांगितले काय?

शहापूरच्या शिवारात तर हा प्रश्न दारात उभा आहे. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या काळ्या मातीत पिकणारा बेळगावचा बासमती साऱ्या मुलखात नावाजलेला. याच पट्ट्यातून हलगा-मच्छे बगलरस्ता काढण्यात आला. शेतकरी न्यायालयात गेले, काम कित्येकदा थांबले आणि पुन्हा सुरू झाले. त्या वादाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. पण राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेण्याची रीत १९५६ च्या केंद्रीय कायद्यात आहे, ती प्रत्येक शेतकऱ्याला पाठ असली पाहिजे. प्रथम राजपत्रात अधिसूचना निघते. तिचा गोषवारा दोन स्थानिक वृत्तपत्रांत, त्यांतील एका देशी भाषेतील पत्रात, छापावा लागतो. अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून एकवीस दिवसांत हरकत घ्यावयाची. हरकती फेटाळल्या गेल्या आणि पुढची घोषणा झाली, की जमीन सरकारची झाली. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील वाढीव मोबदला १ जानेवारी २०१५ पासून महामार्गांच्या संपादनालाही लागू आहे, परंतु त्या कायद्यातील सामाजिक परिणामांची पाहणी लागू नाही. म्हणजे बोलावयाचे ते त्या एकवीस दिवसांतच. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातील बारीक टाइपातील मजकूर, सर्व्हे नंबरांची रांग, आणि तीन आठवडे. सात नंबरच्या फॉर्मला पाच वर्षे मिळाली होती, तीही पुरली नाहीत.

आपल्या बाजूने कायद्यात काय आहे, हेही सांगावयास हवे. घटनेच्या २१० व्या कलमान्वये, राज्याच्या भाषेत किंवा हिंदी-इंग्रजीत नीट बोलू न शकणाऱ्या सभासदाला अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. ३५० व्या कलमान्वये कोणत्याही नागरिकाला आपल्या गाऱ्हाण्याचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे देण्याचा हक्क आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलेल्या संरक्षणांत असेही आहे, की जेथे एखाद्या भाषेचे लोक पंधरा टक्के वा अधिक असतील, तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात. यातील ३५० वे कलम घटनेतले आहे. पंधरा टक्क्यांचे संरक्षण हे सरकारांनी परस्परांत मान्य केलेले धोरण. ते न पाळल्यास घटनेच्या कलमाइतके भक्कम शस्त्र हाती येत नाही. हा फरक आपल्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावा, म्हणजे निवेदने अधिक नेमकी होतील.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये हलग्याजवळ सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले. एरवी शेकडो मैल दूर असणारे विधिमंडळ अधिवेशनापुरते आपल्या शिवारात येऊन बसते. हलग्याच्या शेतकऱ्याला बांधावरून तो घुमट दिसतो. अधिवेशनाच्या दिवसांत रस्ते बंद असतात, मोर्चे अडविले जातात, आणि काही दिवसांनी सारे पुन्हा शांत होते. आत कोणती विधेयके संमत झाली हे त्याला त्या बांधावर कोणी सांगत नाही. कोणत्याही पक्षाचा असो, कोणत्याही भाषेचा असो, आमदाराने अधिवेशन आटोपल्यावर आठवड्याच्या आत आपल्या मतदारसंघातील चार गावी बसून, झालेले कायदे लोकांना समजतील अशा भाषेत सांगावेत, ही मागणी काही अवाजवी नाही. तिला सरकारी मंजुरीही लागत नाही.

आमदार येतील तेव्हा येवोत. वाचनालयाकडे माझे मागणे वेगळे आहे. ग्रंथांचे कपाट आणि वृत्तपत्रांची मेजे आपल्याकडे आहेतच. त्यांच्या शेजारी एक लहानसे मेज असावे. त्यावर राज्याचे राजपत्र, भूसंपादनाच्या अधिसूचनांची कात्रणे, आणि भूसुधारणा, पंचायत व भूसंपादन या कायद्यांचे मराठी सारांश असावेत. शनिवारी खेड्यांतून लोक बाजाराला येतात. त्या दिवशी दोन तास कन्नड उत्तम वाचणारा एक तरुण आणि एक वकील तेथे बसले, तर उतारा घेऊन आलेल्या माणसाला तो वाचून दाखविता येईल. कन्नड शाळांत शिकलेली मराठी मुले आज आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या शिक्षणाचा याहून सरळ उपयोग मला सुचत नाही. वकिलाची जागा पहिले सहा महिने मी स्वतः भरतो, असे कार्यवाहांना कालच सांगितले आहे. येणाऱ्यांनी उताऱ्याबरोबर जुना मराठी सात-बारा घरात असल्यास तोही आणावा, म्हणजे दोन्ही नोंदी समोरासमोर ठेवून ताडता येतील. आणि कार्यालयात मराठीतून अर्ज दिला, तर त्याच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.